यकृतका कशी ओळखावी?
डोंगरातील पाणथळ जागा व कालव्याचा काठ येथील एका दुर्लक्षित वनस्पतीची ओळख

पावसाळा सरत आला की कोपरगाव तालुक्यातील कालव्याखालच्या शेतांत, बांधाच्या सावलीच्या अंगाला, पाटाच्या काठी किंवा बरेच दिवस न हाललेल्या ओल्या जमिनीवर रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या दिसू लागतात. त्या जमिनीला चिकटून असतात. त्यांना देठ नसतो, फूल नसते आणि ओढून पाहिले तर मूळही हाती लागत नाही. शेतकरी त्यांना सरसकट 'शेवाळ' म्हणतो. कोणी त्यांना जमिनीला लागलेला रोग समजतो आणि मोरचुदाचे पाणी शिंपडण्याची घाई करतो.

ही चकती बहुधा शेवाळ नसते आणि रोग तर नसतेच. तिला वनस्पतिशास्त्रात यकृतका म्हणतात. काही यकृतकांच्या पसरट अंगाचा आकार यकृताच्या पाळ्यांसारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडले. जगात यकृतकांच्या सात हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. काही जाती गावोगाव आढळतात, तर काही एखाद्याच डोंगरातील झऱ्याच्या तोंडाशी, हातभर जागेत टिकून असतात. सामान्य कोणती आणि दुर्मीळ कोणती, हे समजण्यापूर्वी यकृतका कोणती आणि यकृतका नव्हे ते कोणते, हे समजले पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने व जिज्ञासू शेतकऱ्याने ही ओळख कशी करून घ्यावी, याचा विचार या पाठात केला आहे.

डोंगर आणि कालवा यांचा संबंध

कोपरगाव हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. येथील बागायत उभी आहे ती सह्याद्रीत पडणाऱ्या पावसावर. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. इगतपुरीच्या बाजूचे पाणी दारणा नदीतून येऊन तिला मिळते. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात आणि त्यांच्या पाण्यावर या भागातील ऊस, गहू व फळबागा पोसल्या जातात. याच बंधाऱ्यामागील पाणथळ प्रदेशाला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान म्हणून मान्यता मिळाली असून तशी घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. महाराष्ट्रातील हे अशा प्रकारचे पहिले स्थान होय.

पाणथळ जागा म्हणजे केवळ मोठा जलाशय नव्हे. डोंगरमाथ्यावरील पठाराचा उथळ खळगा, कड्यातून पाझरणारी ओली भिंत, झऱ्याचे तोंड, देवराईतील कुंडाचा काठ, याही पाणथळ जागाच होत. अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) अशा जागा प्रामुख्याने अकोले तालुक्यात आहेत. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), तसेच रतनगड, घाटघर व हरिश्चंद्रगड हा सारा मुलूख पावसाळ्यात पाण्याने निथळत असतो. यकृतकांचे खरे माहेर अशा ठिकाणी आहे. कोपरगावच्या काळ्या रानात तिच्या काही मोजक्या, काटक जातीच तग धरतात.

यकृतकेची घडण

यकृतकेला खरी मुळे नसतात. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नसतात आणि बीही नसते. तिच्या अंगाला 'कायक' म्हणतात. पुष्कळ जातींत हे कायक पट्टीसारखे चपटे असून टोकाशी दुभंगत जाते. एका पट्टीच्या दोन, दोनांच्या चार अशा फांद्या फुटून चकतीचा आकार तयार होतो. खालच्या अंगाला बारीक पांढुरके केस असतात. त्यांना 'मूलकल्प' म्हणतात. ते कायकाला जमिनीशी धरून ठेवतात. त्यांच्याबरोबर काही जातींत जांभळे किंवा रंगहीन खवले असतात.

नर व मादी अवयवांचा संयोग होण्यासाठी नरपेशीला पाण्याच्या पातळ थरातून पोहत जावे लागते. म्हणूनच जेथे वर्षातून काही काळ तरी जमिनीचा पृष्ठभाग ओला राहतो, तेथेच ही वनस्पती आपले जीवनचक्र पुरे करू शकते. संयोगानंतर एक लहानसे बोंड तयार होते व त्यातून धुळीसारखी बीजुके बाहेर पडतात. ती मातीत पडून राहतात आणि पुढच्या पावसात रुजतात. पावसाळ्यानंतर चकती सुकून नाहीशी झाली, तरी तिचा वंश त्या जागी संपलेला नसतो, याचे कारण हेच.

फसवी साम्ये

ओल्या जमिनीवरची प्रत्येक हिरवी वस्तू यकृतका नसते. पुढील पाच वस्तूंशी तिची गल्लत होते.

१. शैवाल : हिरवे शैवाल धाग्यांचे किंवा बुळबुळीत थराचे असते. नॉस्टॉक नावाचे निळे-हिरवे शैवाल पावसात फुगून लिबलिबीत गोळ्यासारखे होते व वाळले की काळसर पापडी बनते. बोटांत चिरडल्यास त्याचा लगदा होतो. त्याला निश्चित वरची व खालची बाजू नसते आणि मूलकल्पही नसतात.

२. दगडफूल : हे बहुधा राखट, पांढरट किंवा पिवळसर असते. दगडाला किंवा सालीला घट्ट बसते. ओले झाले तरी यकृतकेसारखे रसरशीत दिसत नाही.

३. हरिता, म्हणजे मॉस : हिला उभा किंवा आडवा बारीक दांडा असून त्याभोवती सर्व बाजूंनी पाने असतात. पानाच्या मध्यावर बहुधा शीर दिसते. यकृतकांतही पाने असलेल्या जाती आहेत, परंतु त्यांची पाने दांड्याच्या दोन बाजूंना ओळीने बसतात, खालच्या अंगाला कधीकधी लहान पानांची तिसरी ओळ असते, आणि त्या पानांना मधली शीर नसते.

४. नेच्याचे बालरूप : नेच्याचे बीजुक रुजल्यावर प्रथम नखाएवढी, पातळ, हृदयाच्या आकाराची हिरवी पापडी तयार होते. तिला एकच खाच असते. ती वारंवार दुभंगत नाही व तिच्याखाली खवले नसतात. काही दिवसांनी तिच्यातून नेच्याचे कोवळे पान वर येते.

५. अँथोसिरॉस : यकृतकेची ही दूरची भाऊबंद. चकती तशीच, परंतु तिच्यातून शिंगासारखी उभी, हिरवी, बारीक काडी निघते व ती टोकाकडून दोन शकलांत उकलते. काडी दिसली की शंका उरत नाही.

तपासणीची पद्धत

साहित्य अगदी थोडे लागते : दसपट मोठे दाखवणारे भिंग, लहान चाकू, पाण्याची बाटली, कागदी पाकिटे, शिसपेन्सिल व वही. शाईने लिहू नये. ओल लागली की अक्षरे पसरतात.

प्रथम जागा पाहावी, वनस्पती नंतर. सावली किती, पाणी वाहते की साचलेले, आधार मातीचा की खडकाचा, हे वहीत टिपावे. नंतर कायकाची रुंदी मोजावी व ते कसे दुभंगते ते पाहावे. भिंगातून वरच्या पृष्ठभागावर सुईच्या टोचणीसारखी रंध्रे किंवा बारीक चौकटींची जाळी दिसते का, ते पाहावे. मग चाकूच्या टोकाने एक लहान तुकडा उचलून उलटा करावा. खालच्या खवल्यांचा रंग, त्यांच्या ओळी व मूलकल्प पाहावेत. शेवटी बोंडे कोठे आहेत ते शोधावे : अंगातच पुरलेली, टोकाखाली, की देठावर उंच?

कोरड्या दिवसांत आणखी एक सोपी कसोटी उपयोगी पडते. सुरळी झालेल्या काळपट पट्टीवर पाण्याचे काही थेंब टाकावेत. सह्याद्रीतील खडकांवरच्या कित्येक यकृतका थोड्याच वेळात उलगडून पुन्हा हिरव्या दिसू लागतात.

नेहमी भेटणाऱ्या यकृतका

रिक्सिया : शेतात व बांधावर दिसणारी चकती बहुतेक वेळा हीच असते. कायक दुभंगत जाणारे असून पट्टीच्या मध्यावर लांबट खोबण असते. बोंडे अंगातच पुरलेली असल्याने ती बाहेर दिसत नाहीत. पुढे काळे ठिपके मात्र दिसतात. कायक कुजल्यावरच बीजुके मोकळी होतात. काही जातींच्या कडा वाळताना वर वळतात व जांभळ्या दिसतात. नदी ओसरल्यावर काठच्या गाळावर वाढणारी रिक्सिया फ्रॉस्टाय ही जात भारतात आढळते. तिच्यात नर व मादी रोपे वेगवेगळी असतात.

पाण्यातील रिक्सिया : रिक्सिया फ्लुइटन्स ही जात पाण्यात अरुंद, दुभंगलेल्या हिरव्या फितींच्या गुंत्यासारखी तरंगते. पाणी आटून ती चिखलावर टेकली की तिला मूलकल्प फुटतात. तिची जवळची आप्त रिक्सियोकार्पस नाटन्स हिचे कायक हृदयाकार असते व खाली जांभळ्या, लांब खवल्यांची झालर लोंबते. जलपर्णी, अझोला किंवा टिकलीएवढ्या लेम्नाशी तिची गल्लत करू नये. लेम्नाला खाली खरे मूळ असते, तर अझोलाची पाने खवल्यांसारखी एकावर एक रचलेली असतात.

प्लॅजिओकाझमा : खडकाच्या सांदीत व दगडी भिंतींवर. पट्टीच्या पाठीवरून, मध्यभागातून, आखूड देठावर बोंडांचा गुच्छ उभा राहतो. उन्हात कडा वर वळून जांभळे खवले उघडे पडतात.

टार्जिओनिया : पट्टीच्या टोकाखाली शिंपल्यासारखी काळी, चकचकीत, दोन झडपांची डबी असते. ही खूण इतकी ठळक आहे की एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही.

ॲस्टेरेला : टोकाजवळून लांब देठ निघून त्यावर लहान छत्री असते. छत्रीखाली पांढुरक्या पट्ट्यांची झालर लोंबताना दिसते.

मार्कांशिया : रुंद, रसरशीत पट्टी. तिच्या पाठीवर लहान पेले असतात व त्यांत हिरव्या कळ्या असतात. पावसाचा थेंब पेल्यात पडला की कळ्या उडून दूर रुजतात. गारव्याच्या भागातील रोपवाटिकांत कुंड्यांच्या मातीवर तिचा थर साचण्याचे कारण हेच होय.

सायथोडियम : अंधाऱ्या गुहेच्या तोंडाशी, जुन्या विहिरीच्या आतील दगडांवर. कायक इतके पातळ व नाजूक असते की बोट लागताच फाटते. तिरप्या उजेडात त्याला पिवळसर हिरवी झळाळी येते. ही झळाळी दिसली की लोक तिच्याविषयी नाना गोष्टी सांगतात. वस्तुतः बाहेरून आलेला उजेडच तेथून परतलेला असतो.

दुर्मीळ कशाला म्हणावे?

वरील वर्णनाशी न जुळणारी यकृतका सापडली, की ती दुर्मीळच असली पाहिजे असे मानण्याचा मोह होतो. तो आवरावा. यकृतकांचा गण डोळ्यांनी व भिंगाने ओळखता येतो; जात मात्र पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. रिक्सियाच्या जाती प्रामुख्याने बीजुकांवरील नक्षीवरून वेगळ्या करतात. हे बीजुक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. त्यावरील जाळीची घरे किती, कडेला पंख आहे की नाही, हे मोजावे लागते. म्हणून पिकलेली बोंडे नसलेल्या नमुन्यावरून जात सांगणे धोक्याचे ठरते. तसेच यकृतकांच्या पेशींत तेलाचे सूक्ष्म कण असतात. नमुना वाळला की ते बहुधा नाहीसे होतात. त्यांवरून ओळख करावयाची असेल तर नमुना ताजा व ओला असतानाच तपासावा लागतो.

या शास्त्राचा भारतातील पाया शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांनी घातला. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात ते प्राध्यापक होते. हिमालयात पायी भटकून त्यांनी यकृतका गोळा केल्या आणि पश्चिम हिमालय व पंजाबचे मैदान यांतील यकृतकांवरील त्यांचा ग्रंथ १९२९ व १९३२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. ऐचिसोनिएला, स्टीफन्सोनिएला व सीवर्डिएला हे हिमालयातील गण १९१४–१५ च्या सुमारास त्यांनीच प्रथम जगापुढे मांडले. यांपैकी सीवर्डिएलाच्या जातीचे नावच तिच्या गाठीवरून पडले आहे. पाऊस संपल्यावर कायक मरते, परंतु जमिनीतील लहान गाठ जिवंत राहून पुढच्या वर्षी पुन्हा फुटते. कोरड्या दिवसांत त्या जागी गेलेल्या माणसाला तेथे काहीच दिसणार नाही. 'नाही' असे लिहिण्यापूर्वी योग्य ऋतूत पुन्हा जाऊन पाहावे लागते, हा धडा यातून मिळतो.

तात्पर्य, एखादी जात दुर्मीळ ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात : जातीची तज्ज्ञाकडून खात्री, तशाच इतर जागांचा योग्य ऋतूत केलेला शोध आणि त्याची लेखी नोंद. तिन्ही नसतील तर 'अनोळखी' असे लिहावे, 'दुर्मीळ' असे लिहू नये.

नमुना कसा घ्यावा?

जेथे वाढ हाताच्या पंजापेक्षा कमी जागेत आहे, तेथे नमुना उपटू नये. जवळून काढलेले छायाचित्र व जागेची नोंद पुरेशी समजावी. वाढ भरपूर असल्यास नखाएवढा तुकडा, बोंडासह, मातीच्या पातळ थरासकट घ्यावा. तो कागदी पाकिटात ठेवून सावलीत वाळवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवल्यास तो कुजतो. पाकिटावर गाव, ठिकाण, तारीख, उंची, आधार, सावली व घेणाऱ्याचे नाव लिहावे. नाव-गाव नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी होय.

कळसूबाई–हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून कोणताही नमुना घेता येत नाही. नमुन्यांच्या खात्रीसाठी पुणे येथे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व ती लोक जैवविविधता नोंदवही ठेवते. झाडे, पिके व जनावरे यांबरोबरच ओल्या जागांवरील अशा वनस्पतींची पानेही त्या वहीत असावीत.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय?

कालव्याखालच्या शेतात यकृतका दिसली, तर ती एवढेच सांगते की येथील जमिनीचा पृष्ठभाग बराच काळ ओला व न हाललेला राहिला आहे. ती पिकाच्या मुळांतून अन्न शोषत नाही. तिच्यावर मोरचूद मारल्यास ती मरेल. परंतु तांबे जमिनीत साचून राहील आणि ओल तशीच राहील. खर्च झाला, पण कारण जागच्या जागी राहिले, असा हा प्रकार होतो. खरी चौकशी पाण्याची केली पाहिजे. पाट पाझरतो आहे काय? चर बुजला आहे काय? पाळी गरजेपेक्षा लवकर दिली जाते काय?

यकृतका दिसली म्हणजे जमीन चिबड झालीच, असेही समजू नये. बहुतेक यकृतकांना खारटपणा सोसत नाही. म्हणून पूर्वी जेथे हिरव्या चकत्या येत, तेथे त्या नाहीशा होऊन पांढरा थर फुटू लागला, तर तो अधिक गंभीर इशारा मानावा. अशा वेळी शेतात सुमारे दीड मीटर खोल खड्डा घेऊन पाणी किती खाली लागते ते पाहावे, माती परीक्षणासाठी नमुना पाठवावा आणि निचऱ्याचे चर काढण्याची व्यवस्था करावी. चिबड जमीन सुधारण्यास वर्षे लागतात. ती होऊ न देणे स्वस्त पडते.

रोपवाटिकेत मातीवर यकृतकेचा जाड थर आल्यास पाणी नीट मुरत नाही. तेथे वरचा थर हाताने खरवडून काढावा, मातीचा पृष्ठभाग दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्यावा, हवा खेळती ठेवावी व वर भरड वाळूचा पातळ थर द्यावा.

आणखी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. यकृतासारखा आकार आहे म्हणून ही वनस्पती काविळीवर किंवा यकृताच्या विकारावर औषध आहे, अशी समजूत जुन्या काळी युरोपात होती. आकारावरून गुण ठरत नाही. अशा रोगावर वैद्यकीय उपचारच घ्यावेत. दुसरे, पाणथळ जागी चरणाऱ्या मेंढ्यांच्या यकृतात चपटे कृमी होतात, त्याचा दोष कधी या वनस्पतीला दिला जातो. त्या कृमींचा प्रसार पाण्यातील गोगलगायींमार्फत होतो. गोगलगायीतून बाहेर पडलेले अंश काठच्या गवताला चिकटतात व चरताना मेंढीच्या पोटात जातात. उपाय पशुवैद्याला विचारावा आणि कळप दलदलीच्या काठापासून दूर ठेवावा.

झऱ्याचे तोंड राखावे

डोंगरातील गावांत झऱ्याचे पाणी धरण्यासाठी टाके बांधतात. ते आवश्यकच आहे. परंतु झऱ्याचे तोंड व त्यामागील ओली भिंत सिमेंटने लिंपली, की तेथील यकृतका एका दिवसात संपतात. त्या दुसऱ्या जागी हलू शकत नाहीत. टाके तोंडापासून काही अंतर खाली बांधले व पाणी नळाने आणले, तर गावाला पाणी मिळते आणि भिंतही ओली राहते. तोंडाशी कपडे धुणे व जनावरे उतरवणे टाळावे. यात जादा खर्च फारसा नाही. बांधकाम सुरू होण्यापूर्वी कोणी तरी त्या भिंतीकडे भिंग घेऊन पाहिले पाहिजे, इतकेच. गावपातळीवरील कार्यकर्त्याचे हे काम आहे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. दुभंगणारे कायक, खालचे मूलकल्प व खवले, बोंडाची जागा : या खुणांवरून यकृतकेचा गण ओळखावा.
२. जातीची खात्री तज्ज्ञाकडून करून घ्यावी. तोपर्यंत 'अनोळखी' असे लिहावे.
३. थोडी वाढ असेल तेथे नमुना न घेता छायाचित्र व नोंद ठेवावी.
४. शेतात यकृतका दिसल्यास औषध मारण्याआधी पाण्याचा निचरा तपासावा.
५. झऱ्याच्या तोंडाशी सिमेंट लिंपू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील पाट, विहीर, नदीकाठ व बांध या चार जागांची पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर पाहणी करा. कोठे यकृतका आढळल्या?
२. सापडलेल्या चकतीचे शैवाल, हरिता, दगडफूल, नेचा व अँथोसिरॉस यांच्याशी साम्य व भेद लिहा.
३. जेथे यकृतका आढळली, तेथे ओल कोठून येते याचा माग काढा व शेतकऱ्याबरोबर उपायाची चर्चा करा.